तीन दिवसांचे मोजमाप

सुज्ञ वाचकहो, पुढील पृष्ठांत सोल्गोल नावाच्या एका डोंगरगावातील दवाखान्याची, आणि तो चोवीस वर्षे एकटीने चालविणाऱ्या यांग इम्सून नामक परिचारिकेची हकीकत यथाशक्ती कथन करण्याचे योजिले आहे. या हकीकतीत दुष्ट मनुष्य कोणीही नाही, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. प्रत्येकाने आपापल्या परीने चांगलेच केले. ते सर्व चांगले एका ठिकाणी गोळा झाल्यावर काय उरले, ते वाचकांनी स्वतःच पाहावे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याचे पत्र आले, तेव्हा इम्सून जेचनवाल्या आजीच्या पायाची पट्टी बदलीत होती. आजीचे खरे नाव औषधाच्या वहीत होते. परंतु साठ वर्षांपूर्वी ती ज्या गावाहून लग्न होऊन आली, त्या गावाच्याच नावाने तिला सर्व ओळखीत. तिच्या डाव्या अंगठ्याच्या बुडाशी बोराएवढी जखम होती. साखरेच्या आजारामुळे ती उन्हाळ्यापासून भरत नव्हती. दर दोन दिवसांनी मिठाच्या पाण्याने धुवायची, मेलेली कातडी कात्रीने काढायची, औषधी जाळी बसवायची आणि बांधायची, असा क्रम चालला होता. जखम आता कडेने गुलाबी होऊ लागली होती.

"दुखतं का?" इम्सूनने विचारले.

"पाय माझा असता तर दुखला असता. हा कधीच साखरेनं नेलाय."

"मग ओले मोजे कशाला घातलेत? वाळवून घाला म्हणून किती वेळा सांगायचं?"

"ओरड, ओरड. तू ओरडलीस की बरं वाटतं गं पोरी. घरात ओरडायलाही कोणी उरलं नाही."

इम्सूनने हातमोजे काढून पत्र वाचले. विद्यापीठातील मंडळी गावोगावच्या दवाखान्यांत एकट्याने रुग्ण तपासणाऱ्या परिचारिकांच्या कामाचे वातावरण मोजणार होती. एक्केचाळीस प्रश्नांचा तक्ता भरावयाचा होता. शिवाय एक निरीक्षक सोमवारपासून तीन दिवस दवाखान्यात बसून नोंदी घेणार होता.

"काय मोजणार म्हणतेस?" आजीने विचारले.

"माझ्या कामाचं वातावरण."

आजीने खिडकीबाहेरच्या करड्या डोंगराकडे पाहिले. "थंडी पडलीय म्हणून कळवून टाक. एवढ्यासाठी माणूस कशाला पाठवतात?"

इम्सून हसली, तथापि तिने पत्र पुन्हा एकदा वाचले. जिल्ह्यात असे अकरा दवाखाने होते आणि त्यांपैकी तीन बंद होणार, ही कुणकुण उन्हाळ्यापासून कानांवर येत होती. सोल्गोलपासून तालुक्याचे मोठे आरोग्य केंद्र हानजे घाटापलीकडे बावीस किलोमीटरवर. बस दिवसातून तीन वेळा. घाटावर बर्फ गोठले की तीही नाही. गावात एकसष्ट माणसे, आणि त्यांतील पन्नासांचे वय सत्तरीच्या पुढचे. दवाखाना मिटला तर ही माणसे कशी मिटतील, हे इम्सूनला वहीतल्या नावानिशी सांगता आले असते.

सायंकाळी ती घरी गेली. घर म्हणजे दवाखान्याच्याच पाठीमागच्या दोन खोल्या. तिचा नवरा दोक्सू मिरचीच्या शेतातून खांब उपटून आला होता. तळहातांना चिरा पडल्या होत्या आणि चिरांत काळी माती बसली होती. सोयाबीनच्या आमटीची वाफ दोघांच्या मध्ये उठत होती, तोच गावप्रमुख बांग खाकरत आत आले. बांग बहात्तर वर्षांचे गृहस्थ. गावाच्या भोंग्याची किल्ली त्यांच्या कमरेला आणि गावाच्या अब्रूचा भार त्यांच्या डोक्यावर.

"बाई, पत्राचं कळलं. काळजी करू नका. सगळं 'उत्तम' म्हणून लिहून टाका."

"दोन वर्षांपूर्वी तेच केलं होतं, बांगदादा. सगळं उत्तम लिहिलं. तर इथं येणार होती ती मदतनीस परिचारिका पलीकडच्या खोऱ्यात गेली. म्हणाले, सोल्गोलला काही कमी नाही."

"मग आता काय, रडगाणं लिहिणार? बाहेरच्यांपुढं?"

"खरं लिहिणार."

बांग यांनी दोक्सूकडे पाहिले. दोक्सूने आमटीत पाहिले.

"खरं लिहिलं तर लोक म्हणतील, सोल्गोलवाले आपल्या बाईला नीट ठेवत नाहीत," बांग म्हणाले.

"त्यात गावाचा काय संबंध? फोन उचलत नाही तो केंद्रातला डॉक्टर. तो काय तुम्ही जन्माला घातलाय?"

"नाही बुवा. माझ्या पोटी सगळ्या पोरीच." आणि बांग हसत हसत उठले, पण उंबऱ्यावर थांबून काहीतरी विचार करीत राहिले.

इम्सूनला खरे लिहिण्याची जी एवढी निकड लागली होती, तिचे कारण तिच्या मनगटात होते. एप्रिल महिन्यात सो नावाचे वृद्ध शेतकरी बटाट्याच्या सरीत कोसळले. इम्सूनने केंद्रातील डॉक्टरला फोन केला. तो लष्करी सेवेऐवजी तेथे आलेला पंचविशीतला पोरगा. सात वेळा घंटा वाजली, कोणी उचलले नाही. रुग्णवाहिकेला घाट चढून यावयास बेचाळीस मिनिटे लागली. तेवढा वेळ ती एकटी सरीत गुडघे टेकून म्हाताऱ्याची छाती दाबीत होती. गावातली माणसे भोवती उभी होती आणि हात पुढे करावयाचे कोणालाही ठाऊक नव्हते. सो गेले. इम्सूनचे उजवे मनगट सुजले, ते पावसाळी हवेत अजून ठणकत असे. तिला फार काही नको होते. आणखी दोन हात, आणि घाटापलीकडे फोन उचलणारा एक माणूस.

शुक्रवारी सकाळी ती औषधे व लस आणावयास पहिल्या बसने घाटापलीकडे गेली. त्याच सकाळी नऊ वाजता गावाचा भोंगा खरखरला. कोबीच्या वाफ्यांत, गोठ्यांत, वृद्धांच्या बैठकीत सर्वांनी मान वर करून बांग यांचा आवाज ऐकला.

"ऐका हो ऐका. सोमवार, मंगळवार, बुधवार आपल्या बाईंची परीक्षा आहे. विद्यापीठाची माणसं येणार. तेव्हा गुडघा दुखतो, कंबर धरली, खोकला आला, असलं काही घेऊन दवाखान्यात गर्दी करू नये. बाईंना जरा ताजंतवानं दिसू द्या. अंगणं झाडून ठेवा. तीन दिवस कळ सोसा. धन्यवाद."

दोक्सू त्या वेळी शेतातील काळे प्लास्टिक गुंडाळीत होता. त्याला ही युक्ती वावगी वाटली नाही. पाहुणा यावयाचा म्हणजे अंगण झाडावयाचे आणि जखम झाकावयाची, हीच त्या खोऱ्याची वाडवडिलांपासूनची रीत. शिवाय बायकोला तीन दिवस विसावा मिळेल, या विचाराने त्याला बरेच वाटले. सायंकाळी इम्सून औषधांची पेटी घेऊन उतरली, तेव्हा तो काही बोलला नाही. न सांगण्याचा त्याचा हेतू नव्हता. तो एकंदरीत कमीच बोलत असे.

रविवारी दोघांनी हिवाळ्याच्या किमची लोणच्यासाठी ऐंशी कोबी चिरून मिठात घातले. इम्सूनची बोटे मिठाने पांढरी पडून सुरकुतली. हात पुसून तिने तक्ता पुढे ओढला. प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन होते: मुळीच नाही, नाही, होय, पूर्णपणे होय.

"'वरिष्ठांना माझ्या कामाची किंमत आहे,'" तिने वाचून दाखविले.

"काय लिहितेस?" दोक्सूने विचारले.

"मुळीच नाही."

"'नाही'वर भागणार नाही का? 'मुळीच' कशाला?"

"'डॉक्टर व मी मिळून रुग्णाची काळजी घेतो.'" तिचे मनगट ठणकले. तिने पुन्हा पहिल्याच चौकोनात खूण केली. "'अडचणीच्या वेळी मला मदत मिळते.' मुळीच नाही."

"अगं, कोणी वाचलं तर?"

"नाव लिहायचं नाही यावर. नुसतं वय, किती वर्षं नोकरी आणि दवाखान्यात माणसं किती."

"किती लिहिलीस?"

"एक."

'माझ्या शिक्षणाप्रमाणे मला काम करता येते,' या एका प्रश्नापुढे मात्र तिने 'पूर्णपणे होय' असे लिहिले, आणि तेवढ्या एका खुणेवर पेन थोडे अधिक दाबले.

सोमवारी सकाळी निरीक्षक आली. सोन्ये नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची सालस मुलगी, गळ्यात वेळ मोजण्याचे घड्याळ, हातात संगणकाची काचेची पाटी. ती कोपऱ्यात बसली आणि म्हणाली, "मी इथं नाहीच असं समजा, मॅडम. रोजच्यासारखं चालू द्या."

इम्सूनने अवजारे उकळून ठेवली. रक्तदाबाचा पट्टा उलगडून ठेवला. एरवी साडेआठलाच पायऱ्यांवर पाच-सहा काठ्या टेकलेल्या असत. त्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले. पायरीवर एक मांजर येऊन बसले आणि सोन्येने पाटीवर काहीतरी लिहिले.

"आज कोबीची गडबड असेल," इम्सून म्हणाली.

"हो का?" सोन्ये म्हणाली आणि तेही लिहून घेतले.

साडेदहाला बैठकीतला म्हातारा पेक दारावरून गेला. त्याचा श्वास बाहेर ऐकू येत होता. छातीत पिपाणी वाजावी तसा.

"पेककाका, आत या. वाफ घ्यायची आहे ना?"

"छे छे! मला काय धाड भरलीय?" असे म्हणून पेक मोठ्याने हसला, खोकला, तोंड दाबून धरले आणि लाल डोळ्यांनी सोन्येपुढे मान लववून निघून गेला. त्या दिवशी दोनच रुग्ण आले. दोघेही रस्त्याची डागडुजी करणारे परगावचे मजूर.

आजीची पट्टी सोमवारी होती. दुपारी दोन वाजता इम्सूनने फोन केला.

"आजी, आला नाहीत?"

"लेक आलीय गं. तिनंच बांधला पाय. छान बांधला."

"तिला बांधता येतं?"

"येत नसेल तर तुझं बघून शिकेल की. तू ठेव आता. पाहुणे आहेत ना तुझ्याकडं."

इम्सूनला थोडे विचित्र वाटले. परंतु लेक आली, ही गोष्ट इतकी चांगली होती, की तिच्यावर शंका घेणे तिच्या जिवावर आले. मंगळवारी तिने घरी जाऊन पाहण्याचे ठरविले. तर सोन्येने नियम दाखविला. घरभेटींचा दिवस गुरुवार. मोजमाप दवाखान्याच्या आत व्हावयाचे आहे. निरीक्षकासाठी मुद्दाम क्रम बदलू नये. "नाहीतर माझा अभ्यास खोटा ठरेल, मॅडम," ती अजिजीने म्हणाली. इम्सूनने पादत्राणे पुन्हा काढून ठेवली. वाचकहो, चोवीस वर्षांत तिने कोणाचा नियम मोडला नव्हता, आणि त्या दिवशीही मोडला नाही.

बुधवारी तिने काचा पुसल्या, औषधांच्या तारखा पाहिल्या, जुनी पट्टी गुंडाळली, उलगडली, पुन्हा गुंडाळली. सोन्येच्या घड्याळाचा खटका कधीमधी वाजे. सायंकाळी निघताना मुलीने दोन्ही हातांनी तिला दंतमंजनाची एक भेटपेटी दिली.

"खूप शांत जागा आहे, मॅडम. शहरात आम्हांला अशी शांतता मिळत नाही."

"रोज अशी नसते," इम्सून म्हणाली.

"हो ना," सोन्ये म्हणाली. पण पाटी पिशवीत गेली होती.

गुरुवारी उजाडताच इम्सून आजीच्या घरी गेली. अंगण स्वच्छ झाडलेले होते. दार सरकविताच वास आला, आणि त्या वासाने तिला जे सांगावयाचे ते उंबऱ्यावरच सांगितले. आजी तापाने फणफणली होती. सोमवारी तिने पट्टी स्वतःच उलगडून, जुन्या सदऱ्याची चिंधी आणि गावठी औषध म्हणून घरच्या सोयाबीनची पेस्ट लावून पाय गुंडाळला होता. अंगठा काळा पडला होता आणि लाली घोट्याच्या वर चढली होती. लेक कोठेही नव्हती. लेकीच्या नावाची चप्पलही नव्हती.

दोक्सूने मिरचीच्या पोत्यांची गाडी काढली. मागे गोधडीत आजी, आजीचे डोके इम्सूनच्या मांडीवर. घाटात गाडी वळणे घेऊ लागली, तेव्हा इम्सून मागच्या खिडकीतून ओरडली,

"तीन दिवस कोणी का आलं नाही? तुम्हांला माहीत असणार. पेककाका दारावरनं हसत गेले. का?"

दोक्सूने चाकावरची पकड घट्ट केली. "भोंग्यावर सांगितलं होतं."

"काय सांगितलं होतं?"

"तुझी परीक्षा आहे. गर्दी करू नका म्हणून."

इम्सूनने आजीवरची गोधडी सावरली.

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत."

"मला वाटलं, तुला जरा पाठ टेकायला मिळेल." थोड्या वेळाने तो म्हणाला, "खरंच तेवढंच वाटलं गं."

आजीचा तापलेला हात तिचे दुखरे मनगट चाचपीत होता. आजीला शुद्ध होती की नव्हती, कोण जाणे.

शहराच्या इस्पितळात आजीचा पाय गुडघ्याखालून काढला. लेक दूरच्या इंचॉन शहराहून आली, दोन दिवस राहिली, रडली, आणि आजीला तेथल्याच एका वृद्ध-रुग्णालयात ठेवून गेली. सोल्गोलच्या घराला कुलूप लागले. बांग त्या कुलपासमोरून जाईनासे झाले. ते मागच्या बांधावरून जात.

फेब्रुवारीत इम्सूनला जिल्हा कार्यालयात बोलावणे आले. नाम नावाचे अधिकारी सभ्य होते. त्यांनी तिला जवाचा गरम चहा दिला आणि कागद पुढे सरकविला.

"दिवसाला सरासरी दोन रुग्ण, यांग मॅडम. दोन."

"माझ्या रोजच्या वह्या बघा. अठरा, वीस, बाजाराच्या दिवशी पंचवीस."

"वह्या तुमच्या. हे बाहेरच्या माणसाचं मोजमाप."

"त्या तीन दिवसांत लोक मुद्दाम आले नाहीत. मला त्रास नको म्हणून."

नाम यांनी चष्मा काढून पुसला. "हे मी वर कसं लिहू? रुग्ण मायेपोटी आले नाहीत, असा रकाना आमच्याकडे नाही."

इम्सूनने कागद परत सरकविला.

"आणि तुमची उत्तरं पाहा," ते हळुवारपणे म्हणाले. "चारपैकी सरासरी एक पूर्णांक चार. अकरा दवाखान्यांत सर्वांत खाली. मदत नाही, आधार नाही, डॉक्टर फोन घेत नाही. इतक्या वाईट वातावरणात आम्ही तुम्हांला आणखी ठेवणं बरोबर नाही. तुमच्याच हिताचं आहे हे. केंद्रात या. तिथं सहा परिचारिका आहेत, डॉक्टर शेजारच्या खोलीत."

"त्या कागदावर नाव नव्हतं."

"नाव नव्हतंच. पण चोवीस वर्षं नोकरी आणि कर्मचारी एक, असे दवाखाने आमच्याकडे किती असतील, मॅडम?"

तिने मागितलेले दोन हात आणि फोन उचलणारा माणूस तिला अशा रीतीने मिळाले. मात्र ते घाटापलीकडे होते, आणि रुग्ण घाटाच्या अलीकडे.

गावात बातमी तिच्याआधी पोहोचली. वृद्धांच्या बैठकीत ती सांगावयास गेली, तेव्हा पेकने धापा टाकत विचारले, "खरंच तुम्ही लिहिलंत, इथं काम करणं मुळीच बरं नाही म्हणून?"

"ते तुमच्याबद्दल नव्हतं, काका."

"मग कोणाबद्दल? इथं आम्हीच तर आहोत."

कोपऱ्यातून एक म्हातारी पुटपुटली, "आम्ही तीन दिवस कळा दाबून बसलो. हिनं आम्हांलाच नावं ठेवली."

बांग भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते अचानक म्हणाले, "गप्प बसा गं. भोंगा माझा होता." पण त्यांचा आवाज भोंग्याशिवाय फार लहान होता आणि तो कोणी ऐकला नाही. इम्सूनने वाकून नमस्कार केला. दारात तिची पादत्राणे एरवी कोणीतरी वळवून, घालण्यासारखी ठेवीत असे. त्या दिवशी ती तशीच उलटी पडली होती.

मार्चच्या अखेरच्या दिवशी तिने दवाखाना आवरला. रक्तदाबाचा पट्टा, उकळण्याचे भांडे, कात्र्या, सर्व मोजून खोक्यांत भरले. दोक्सू खोकी गाडीवर चढवीत होता. शेत सोडता येत नाही म्हणून तो येथेच राहणार. ती आठवड्यातून एकदा येणार, बस असेल तर. कपाटात दंतमंजनाची पेटी न उघडलेली सापडली. ती कोणत्या खोक्यात ठेवावी, हे तिला बराच वेळ सुचेना.

तेवढ्यात दवाखान्याचा फोन वाजला. तो दुसऱ्या दिवशी तोडला जाणार होता. पलीकडे वृद्ध-रुग्णालयातल्या कोणा परिचारिकेने नंबर लावून दिला होता. मागे भांड्यांचे आवाज येत होते.

"पोरी, मी जेचनवाली."

"आजी! कशा आहात? जेवलात का?"

"इथली आमटी म्हणजे नुसतं कोमट पाणी. ते जाऊ दे. मला इथं कोणी काही सांगतच नाही. तेव्हापासून विचारायचं राहिलंय." आजीने दम घेतला. "ती तुझी परीक्षा. झालीस का गं पास?"

इम्सूनने रिकाम्या भिंतीकडे पाहिले. पट्टा टांगण्याचा खिळा तेवढा उरला होता. बाहेर दोक्सू दोरखंड आवळीत होता. घाटावरचे बर्फ वितळून ओढ्याला पाणी आले होते, त्याचा आवाज खोलीत येत होता.

"झाले, आजी," ती म्हणाली. "पास झाले."

"मला ठाऊकच होतं," आजी म्हणाली. "मी म्हटलं होतं बांगला. एक पाय काय, आपण सगळ्यांनी कळ काढू, पण आपली पोरगी पास झाली पाहिजे. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"मग आता रडायला काय झालं? मी आले की बघ, नवा लाकडी पाय देणारेत म्हणे. त्याला तर मोजे ओले चालतील. मग बघते तू कशी ओरडतेस ते."

फोन ठेवल्यावर इम्सूनने त्याची तार काढली, फोनभोवती नीट गुंडाळली आणि तो खोक्यात सर्वांत वर ठेवला. मग दार ओढून घेतले. किल्ली तिने बांग यांच्या घरी जाऊन दोन्ही हातांनी दिली. बांग यांनी ती कमरेला, भोंग्याच्या किल्लीशेजारी अडकविली. त्यानंतर त्यांनी भोंगा कधी वाजविला नाही.

येथे ही हकीकत संपते. अधिक-उणे झाले असल्यास तो दोष माझ्या अल्प शिक्षणाचा, हकीकतीचा नव्हे. आपण आपला मोलाचा वेळ खर्चून एका लहानशा दवाखान्याच्या दारापर्यंत आलात, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
मो ब्योंगताक
हानजे घाटमार्गे सोल्गोल